बोटीवरच्या माणसाने निघायचं कसं? परराष्ट्र मंत्रालय आणि नौवहन महासंचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र मंत्री, भारत सरकार
मा. नौवहन महासंचालक, मुंबई
माहितीसाठी: मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: युद्धक्षेत्रात अडकलेल्या भारतीय नाविकांना बोट सोडण्याचा हक्क आणि त्यांच्या घरच्यांना अधिकृत माहिती मिळण्याबाबत.

महोदय,

मी दापोली तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात राहते. माझे मिस्टर मर्चंट नेव्हीत मोटरमन आहेत. मोटरमन म्हणजे सोनेरी पट्ट्यांचा अधिकारी नव्हे. इंजिनरूममध्ये वॉच करणारा, कोपरापर्यंत तेलात असणारा माणूस. आमच्याकडे हे नवं नाही. सासरे बोटीवर होते, दोन चुलतदीर आहेत, आणि वरच्या मोहल्ल्यात तर घरटी एक माणूस दर्यावर आहे. इथली स्लॅबची घरं, मुलांच्या कॉलेजच्या फिया, बहिणींची लग्नं, सगळं बोटीच्या पगारावर झालेलं. वादळ, आजारपण, वर्षभर माणूस न दिसणं, हे आम्ही धरूनच चाललेलो असतो. त्याची तक्रार घेऊन मी आलेले नाही.

2025 च्या जूनमध्ये यांची बोट इराणच्या बंदर अब्बासबाहेर नांगर टाकून उभी होती. छोटा, जुना टँकर. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याच देशातला, माणसं बहुतेक आपली. 13 जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि आमच्या घरात टीव्ही बंद होईना. 17 जूनला तेहरानमधल्या भारतीयांसाठी सूचना आली: ज्यांना स्वतःच्या साधनांनी शहराबाहेर पडता येईल त्यांनी सुरक्षित ठिकाणी जावं. दुसऱ्या दिवशी इराणमधल्या भारतीयांना परत आणायचं ऑपरेशन सिंधू जाहीर झालं. उर्मियाचे विद्यार्थी जमिनीवरून आर्मेनियात नेले, तिथून दिल्लीला आणले. मग मशहदहून विमानं सुटली. इराणने आपली बंद केलेली हवाई हद्द भारताच्या विमानांसाठी उघडली. हे सोपं काम नव्हतं, आणि ते ज्यांनी केलं त्यांचे आभार मानायला मला संकोच नाही.

ती सूचना मी यांना पाठवली होती. नेटवर्क आलं तेव्हा उत्तर आलं, 'माझं साधन म्हणजे ही बोट. ती कॅप्टनच्या हुकमाशिवाय हलत नाही आणि कॅप्टन मालकाच्या हुकमाशिवाय हलत नाही.'

त्या दिवसांत इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ सामुद्रधुनीच्या आसपास जीपीएस इतकं बिघडवलं जात होतं की पडद्यावर बोट समुद्राऐवजी जमिनीवर दिसायची. त्याच 17 जूनला अमिरातीतल्या खोर फक्कानच्या समोर फ्रंट ईगल आणि अडालिन या दोन टँकरांची टक्कर झाली. अडालिनवरच्या 24 जणांना अमिरातीच्या तटरक्षक दलाने उतरवून घेतलं. ही बातमी मराठी चॅनेलवर एक ओळ होऊन गेली. सासूबाईंनी तेवढी एक ओळ पकडली आणि रात्रभर मला विचारत राहिल्या, त्यात आपली बोट नाही ना.

24 जूनला युद्ध थांबलं. विद्यार्थी घरी आले, यात्रेकरू घरी आले. यांचं काँट्रॅक्ट तर त्याआधीच भरलं होतं. पण यांच्या जागी यायला रिलीव्हर तयार होईना, आणि रिलीव्हर नाही तर साइन ऑफ, म्हणजे कामातून मोकळं होऊन बोट सोडणं, नाही, असं कंपनीचं म्हणणं. अलॉटमेंट, म्हणजे घरी येणारा पगाराचा भाग, थांबली. एजंट आधी 'होईल, होईल' म्हणायचा, मग फोन उचलेनासा झाला. मी ज्या ज्या ठिकाणी विचारलं तिथून दुसरीकडे बोट दाखवलं गेलं: झेंडा परदेशी आहे, मालकाशी बोला, युनियनकडे जा, एजंटला नोटीस काढा. मालक कोण हे आम्हाला माहीत नव्हतं आणि बोटीवर काम करणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. शेवटी बोट पलीकडच्या बंदरात गेली तेव्हा हे उतरले. म्हणजे सुटका झाली ती मालाच्या सोयीने.

हे आता घरी आहेत, ठीक आहेत. मी हे पत्र लिहिते आहे कारण ते परत जाणार आहेत, आणि त्यांच्यासारखे हजारो जण रोज जात आहेत. आणि कारण यातलं बरंचसं सरकारला एका परिपत्रकाने, एका नियमाने बदलता येण्यासारखं आहे.

भारताने परदेशातून आपली माणसं आणण्याचा इतिहास कमी अभिमानाचा नाही. 1990 मध्ये कुवेत आणि इराकमधून 1 लाख 70 हजारांवर लोक आणले, बहुतेक अम्मानमार्गे. 2006 मध्ये लेबनॉनमधून नौदलाच्या जहाजांनी आणले. 2015 मध्ये येमेनमधून ऑपरेशन राहतमध्ये 4,640 भारतीय आणि त्यांच्याबरोबर 41 देशांचे 960 नागरिक बाहेर काढले. तेव्हा आयएनएस मुंबई, तर्कश, सुमित्रा ही नावं आमच्या गावातल्या पोरांना पाठ झाली होती. 2022 मध्ये ऑपरेशन गंगात युक्रेनमधून सुमारे 22,500 लोक आले. पहिलं विमान बुखारेस्टहून 219 जणांना घेऊन मुंबईतच उतरलं. 2023 मध्ये सुदानमधून ऑपरेशन कावेरी.

पण या सगळ्या मोहिमा एक गोष्ट गृहीत धरतात: माणूस आपल्या पायांनी निघू शकतो. हॉस्टेल सोडू शकतो, बस पकडू शकतो, सीमेवर पोचू शकतो. युक्रेनमध्ये 15 फेब्रुवारी 2022 ला पहिली सूचना आली, मग 20 ला, मग 22 ला, आणि 24 ला रशियाने हल्ला केला. त्या सूचना उशिरा आल्या, मोघम होत्या, हा वाद आहेच. खारकिव्हच्या मुलांना 2 मार्चला चालत पेसोचिनकडे निघा असं सांगावं लागलं, आणि त्याच्या आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकिव्हमध्ये तोफगोळ्याने गेला होता. तरी सूचना पाळणं निदान शक्य होतं. बोटीवरच्या माणसाला सूचना पाळताच येत नाही. त्याच्याकडे किनाऱ्यावर उतरायचा पास नसतो, व्हिसा नसतो, बऱ्याचदा पासपोर्ट आणि सीडीसी (नाविकाचं सरकारी नोंदीचं पुस्तक) कॅप्टनच्या कपाटात असते. आणि कमीत कमी किती माणसं बोटीवर असलीच पाहिजेत हे कागदावर ठरलेलं असतं, त्यामुळे एक उतरला तर बोट बेकायदा ठरते. समजा एसटीला आग लागली तर ड्रायव्हरला कोणी म्हणत नाही की बदली ड्रायव्हर येईपर्यंत स्टिअरिंग सोडू नका. आमच्या माणसांना हेच सांगितलं जातं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते.

13 एप्रिल 2024 ला इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डने होर्मुझजवळ एमएससी एरीज हे पोर्तुगालच्या झेंड्याचं कंटेनर जहाज पकडलं. 25 जणांत 17 भारतीय होते. पाच दिवसांनी एक तरुण मुलगी, केरळची कॅडेट, घरी आली. 9 मे रोजी आणखी पाच जण सुटले. बाकीच्यांचं काय? इराणकडून सांगितलं जात होतं की माणसांना आम्ही अडवलेलं नाही, त्यांना जाता येईल. आणि आपल्या मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी सांगितलं की परतण्यात काही तांत्रिक बाबी आणि काँट्रॅक्टची बंधनं आहेत, ती पुरी झाली की ते येतील.

महोदय, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. परक्या देशाच्या सैनिकांनी हेलिकॉप्टरमधून उतरून जहाज ताब्यात घेतलं आहे, आणि आपल्या माणसाला घरी यायला आड येतंय ते त्याचं नोकरीचं काँट्रॅक्ट! मुत्सद्देगिरीत कमी पडलात असं मी म्हणणार नाही, मला त्यातलं कळत नाही. पण काँट्रॅक्ट ही काही दैवी आज्ञा नाही. भारतीय नाविकाचं काँट्रॅक्ट कसं असावं, त्यात कोणती अट असलीच पाहिजे आणि कोणती असता कामा नये, हे ठरवायचा अधिकार नौवहन महासंचालनालयाला आहे. मुंबईतून माणूस चढवणाऱ्या प्रत्येक एजन्सीला परवाना तुम्हीच देता.

मोठ्या कंपन्यांच्या चांगल्या बोटींवर हा हक्क आहे हे मला ठाऊक आहे. मालक आणि युनियन यांच्या आयबीएफ या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2024 मध्ये लाल समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनचं आखात युद्धसदृश क्षेत्र म्हणून ठरवलं. अशा क्षेत्रात जायला नाविक नकार देऊ शकतो, कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं, वर दोन महिन्यांचा मूळ पगार द्यायचा. गेला तर तिथल्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, जीवाला काही झालं तर भरपाई दुप्पट. वाचून बरं वाटतं. पण हे त्याच बोटींना लागू जिथे तसा करार झालेला आहे. आमच्याकडची कितीतरी पोरं ज्या टगवर, सप्लाय बोटींवर, वर्षात नाव आणि झेंडा बदलणाऱ्या जुन्या टँकरांवर असतात, तिथे हा कागद पोचलेलाच नाही. आणि जिथे पोचलाय तिथेही, 'नाही जात' म्हणणाऱ्या खलाशाला पुढचा कॉल कधी येतो ते बोटींवर माणसं भरणाऱ्या कुठल्याही मॅनिंग ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून बघा.

'डबल पगाराच्या लोभाने जातात' असं आम्हाला नातेवाईकसुद्धा ऐकवतात. दोन गोष्टी सांगते. छोट्या बोटींवर डबल काही मिळत नाही. सिंगल मिळाला तरी नशीब. आणि ज्या होर्मुझमधून ही माणसं जातात तिथूनच देशाच्या तेलाचा आणि गॅसचा मोठा वाटा येतो. ऐकवणाऱ्याच्या ओट्याखालचा सिलिंडरही बहुधा त्याच वाटेने आलेला असतो.

तेव्हा पहिली मागणी: युद्धक्षेत्र कोणतं हे भारत सरकारने स्वतः जाहीर करावं, आणि जाहीर झाल्या क्षणापासून कुठल्याही झेंड्याच्या बोटीवर परवानाधारक एजन्सीमार्फत गेलेल्या प्रत्येक भारतीयाला, कॅडेटपासून कुकपर्यंत, नकाराचा आणि साइन ऑफचा हक्क मिळावा. हा हक्क काँट्रॅक्टमध्ये छापलेला नसेल तर साइन ऑनला, म्हणजे बोटीवर रुजू व्हायला, मंजुरीच देऊ नये. रिलीव्हर मिळाला नाही हे कारण चालू नये. आणि नकार दिला म्हणून कोणाचं काम तोडलं तर त्या एजन्सीच्या परवान्यावर कारवाई व्हावी. 1958 च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला. त्याखालच्या नियमांत हे घालायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

दुसरी तक्रार पगाराची, आणि ती वकिली वाटली तरी घरात चूल पेटण्याशी तिचा संबंध आहे. सागरी कामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी 2006, तो भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यात 2018 साली सुधारणा झाली आणि 26 डिसेंबर 2020 पासून ती लागू आहे: नाविक ओलीस असेल तोवर त्याचं काँट्रॅक्ट संपलं तरी चालू धरायचं आणि पगार देत राहायचा. उत्तम. पण तिथे लिहिलंय काय, तर समुद्री चाचे आणि सशस्त्र दरोडेखोर. आज आमची माणसं चाच्यांच्याच नाही, सरकारांच्या आणि बंडखोरांच्या हातातही सापडतात. 2020 मध्ये 14 भारतीय येमेनच्या किनाऱ्याला लागले आणि तिथल्या हुथी बंडखोरांनी त्यांना फेब्रुवारीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत सनामध्ये अडकवून ठेवलं. त्यांत महाराष्ट्रातले होते. 2 जानेवारी 2022 ला रवाबी हे अमिरातीच्या झेंड्याचं जहाज हुथींनी पळवलं, त्यावर सात भारतीय होते, ते 24 एप्रिलला सुटले, तेही ओमानने मध्यस्थी केली म्हणून. हुथी चाचे की सैन्य? रिव्होल्युशनरी गार्ड म्हणजे दरोडेखोर? मालकाचा वकील या प्रश्नावर वर्षभर खेळवू शकतो आणि तोवर घरी पैसा येत नाही. भारताच्या नियमात सरळ लिहा: पकडणारा कोणीही असो, माणूस अडकला आहे तोवर पगार चालू आणि अलॉटमेंट घरी. एवढं एक वाक्य.

बोट सोडून मालक पळून गेला तर, त्याचीही सोय त्याच करारात आहे. दोन महिने पगार नाही, किंवा जेवणखाण नाही, किंवा घरी पाठवायचा खर्च नाही, तर नाविकाला टाकून दिलेला समजायचं, आणि विम्याने चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च द्यायचा. पण आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने 2024 सालात 312 बोटींवर 3,133 नाविक टाकून दिलेले नोंदवले, आणि त्यांत सगळ्यात जास्त, 899, भारतीय होते. युद्ध पेटलेल्या बंदरात असं झालं तर विमा आहे की नाही हे शोधण्यातच महिने जातात. विम्याचा चालू कागद बघितल्याशिवाय माणूस चढवू नका, आणि तो मुदतीत नूतन झाला की नाही हे तपासत राहा.

तिसरी गोष्ट नोंदीची. तेहरानच्या किंवा कीव्हच्या दूतावासाने विद्यार्थ्यांसाठी अर्ज काढला, नावं गोळा केली, हे योग्यच. आमच्या माणसांची नोंद तर आधीपासून आहे. प्रत्येकाचा इंडॉस नंबर (नाविकांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) आहे, सीडीसी आहे, परवानाधारक एजंटने पाठवलेला प्रत्येक साइन ऑन तुमच्या संगणकावर चढतो. कोणत्या बोटीवर कोण आहे हे सरकारला आज, या घडीला माहीत असू शकतं. पण ती माहिती एका मंत्रालयात आणि मोहीम दुसऱ्या मंत्रालयात. सीडीसी असलेल्याला परदेशी नोकरीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची सरकारी मंजुरी, लागत नाही, त्यामुळे ई-मायग्रेट या त्या मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर तो नाही. आखातात जाणाऱ्या गवंड्याला सक्तीने मिळणारा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमाही त्याला नाही. त्याला कोणी मुद्दाम वगळलं असं नाही. तो सुशिक्षित, चांगल्या पगाराचा, स्वतःचं बघून घेणारा, असं धरून चाललेत. काही जण तसे असतीलही. ऑर्डिनरी सीमन म्हणून पहिल्यांदा निघालेला आमच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा तसा नाही.

युद्ध सुरू झालं की चोवीस तासांत नौवहन महासंचालनालयाने त्या पाण्यातल्या सर्व भारतीयांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या कंट्रोल रूमला द्यावी, आणि मोहिमेच्या रोजच्या माहितीत विद्यार्थी, यात्रेकरू यांच्याबरोबर नाविकांचाही आकडा असावा. किती अडकले, किती उतरले. आकडा असला की प्रश्न विचारता येतो. जमतं हे, मार्च 2022 मध्ये दिसलं होतं: युक्रेनच्या मिकोलाइव्ह बंदरात 75 भारतीय नाविक अडकले तेव्हा दूतावासाने बसगाड्या मिळवून त्यांना बाहेर काढायला घेतलं, आणि त्यांच्याबरोबर लेबनॉन आणि सीरियाचेही काही खलाशी आले. ते कोणाच्या तरी चिकाटीने झालं असणार. पुढच्या वेळी ते चिकाटीवर न सोडता पद्धत म्हणून व्हावं.

नौदलाबद्दल मात्र माझी तक्रार नाही, आणि ते इथे न लिहिणं बरं नव्हे. 5 जानेवारी 2024 ला सोमालियाजवळ लीला नॉरफोकवर आयएनएस चेन्नई पोचली. 21 जणांत 15 आपले होते. त्याच महिन्यात एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं, त्यावर 22 भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमच्या लोकांनी जाऊन आग विझवली. गावात त्या रात्री लोकांनी एकमेकांना फोन करून सांगितलं. युद्धनौका वाचवायला येतात. आम्ही विचारतोय ते त्यानंतरचं आणि त्याआधीचं.

चौथं, बिनपरवान्याचे एजंट. हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बेलापूर, नेरूळकडच्या इमारतींत एक खोली, भिंतीवर जहाजाचं पोस्टर, 'दोन दिवसांत जॉइनिंग', आणि आईचे दागिने मोडून आणलेली रक्कम. मुलगा दुबईत म्हणून निघतो आणि इराणच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या गंजक्या बोटीवर पोचतो. मग युद्ध झालं की ऐकायला मिळतं, परवानाधारक एजन्सीतून का गेला नाहीस? प्रश्न बरोबर आहे, पण तो घरी आल्यावर विचारा. युक्रेनला मुलं कुठल्या एजंटमार्फत गेली होती हे विमानात बसवताना कोणी विचारलं नव्हतं. आधी सोडवा, खर्च भारतीय समुदाय कल्याण निधीतून करा, तो अशाच अडलेल्यांसाठी 2009 पासून आहे, आणि नंतर एजंटला धरा. खरंच धरा, महिन्याभराने पाटी बदलून तोच माणूस शेजारच्या गाळ्यात बसतो.

शेवटचं गाऱ्हाणं बायकांचं आहे, आयांचं आहे. माहिती. आम्हाला कोणी खोटं सांगितलं असं नाही, आम्हाला कोणी काहीच सांगितलं नाही. सगळं कळायचं ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि तिथे एकाच संध्याकाळी यांची बोट बुडाली होती, सुटली होती आणि बसऱ्याला पोचली होती. मोहल्ल्यातल्या एक आपा आहेत, त्यांचा मुलगा त्याच पाण्यात दुसऱ्या बोटीवर होता. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. इंग्रजी पोर्टलवर तक्रार टाका, पासवर्ड येईल, असं त्यांना सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. केरळमध्ये नोर्का आहे, बाहेर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना जायला एक दार आहे. गोव्यात तारवटींनी, म्हणजे तिथल्या बोटीवरच्या माणसांनी, संघटित होऊन निवृत्त खलाशांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी पेन्शन योजना मिळवली. आम्हाला रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि पालघर या चार जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत एक नेमलेला माणूस द्या. अशा प्रसंगात त्याने रोज ठरलेल्या वेळी, मराठीत, फोनवर सांगावं: बोट इथे आहे, माणसं ठीक आहेत, आज नवीन काही नाही. 'आज नवीन काही नाही' एवढंसुद्धा अधिकृत माणसाने सांगितलं तर घरात जेवण होतं. मुख्यमंत्र्यांना पत्राची प्रत त्यासाठी आहे.

दरवर्षी 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन होतो, त्यानिमित्त पंतप्रधानांच्या छातीवर मर्चंट नेव्हीच्या झेंड्याचा बिल्ला लावतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. एका वर्षी त्या दिवशी बिल्ल्याबरोबर वरचा नियमही जाहीर झाला तर आमच्या गावात कोणाची हरकत नसेल.

यांच्या पुढच्या जॉइनिंगचा कॉल कधीही येईल, बोट कुठे जाणार हे चढल्यावर कळेल. म्हणून उत्तराची वाट बघायला माझ्याकडे फार वेळ नाही. वर मागितलेल्यांपैकी काय करणार आहात, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण, हे कळवावं. जे करणं शक्य नाही असं तुम्हाला वाटतं, ते का शक्य नाही, तेही कळवावं. दोन्ही लेखी, आणि मराठीत, म्हणजे मी ते आपांना वाचून दाखवू शकेन.

आपली,
एका मोटरमनची पत्नी
ता. दापोली, जि. रत्नागिरी